मंगलाने गोळ्या का सोडल्या

डिंडोली, सुरत, मंगळवार, संध्याकाळ

आज मंगलाला दवाखान्यात भरती केलं. माझी धाकटी जाऊ. टीबीच्या गोळ्या तिने मधेच बंद केल्या होत्या, घरात कुणाला पत्ता नाही. काल खोकताना रक्त पडलं तेव्हा कळलं.

"का सोडल्यास गं?" मी विचारलं. भाऊजी चहा आणायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, लघवी लाल व्हायची. मला वाटलं, आतून रक्तच जातंय."

गोळीने रंग येतो, एवढंच! डॉक्टरांनी सांगितलंही असेल, घाईघाईत, गुजरातीत. ही नुसती मान हलवून आली असणार. चौथीत शाळा सुटली, लग्न होऊन थेट सुरतेत. आणि चाळीत सगळ्यांना मिळून संडास एकच. लाल पाणी शेजारणींनी पाहिलं, हिला काहीतरी रोग आहे अशी कुजबुज सुरू झाली. खोली खाली करायला लावतील या भीतीने तिने गोळ्याच सोडल्या.

लाल लघवी. असलं बोलायचं कुणाशी? पण माझ्याशीही नाही? हेच टोचतंय.

नर्सबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "अनपढ लोग, समझते ही नहीं!" मंगलाने गुन्हेगारासारखी मान खाली घातली. मधेच सोडल्यामुळे आधीच्या गोळ्या आता लागू पडतील की नाही, डॉक्टरांनाही खात्री नाही.

घरी आले तर तिची चिमुरडी भिंतीला टेकून खोकत बसलेली. अंग गरम.

उद्या सकाळीच हिला नेते. डॉक्टर चिडले तरी चालेल, नीट कळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.