चाल कुणाच्या नावावर

सौ. शांतव्वास,
राजारामपुरीहून सप्रेम आठवण.

फोनवर बोललो तर लेक ऐकेल, म्हणून लिहितोय. विद्याश्री बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. ती सिनेमाच्या गाण्याला चाल लावतेय. सिनेमात चाल आधी होते अन् शब्द मागून येतात, त्यामुळं ती दिवसभर नुसतं 'ना ना ना' गाते. मला आपल्या चंदगडच्या शाळेतला माझा कवितेचा तास आठवतो; मीही पोरांना आधी चाल शिकवायचो, मग शब्द.

काल दिग्दर्शक आले. गाणं त्यांना फार आवडलं. पण म्हणाले, "पोस्टरवर नाव मुंबईच्या संगीतकाराचं लावू, तू त्यांची सहायक. पुढचा सिनेमा तुझाच की!"

इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्याच गाण्यांत पेटी वाजवली. संगीतकार म्हणून हा तिचा पहिला सिनेमा होता.

"अप्पा, काय करू?" तिनं विचारलं. मला एरवी पाठ असलेली कडवीसुद्धा आठवेनात.

शेवटी तीच म्हणाली, "चाल माझी हाय, सर. दुसऱ्याच्या नावावर न्हाय देणार."

ते चहा न घेताच गेले. तेव्हापासून फोन वाजला की आम्ही दोघंही दचकतो.

तुझा गुडघा कसा आहे? काजूला मोहर धरला का?

रविवारच्या एसटीनं तिला घेऊन येतो. सिनेमाचं काय झालं, असं विचारू नकोस. नुसतं "गा की" म्हण.

तुझाच,
सोमशेखर