का सोडली, विचारायचं न्हाई

१० नोव्हेंबर, तीर्थपुरी
आले बाई एकदाची. जालन्याहून येताना यष्टीत हाडं खिळखिळी झाली, पण शाळा आवडली. बियाण्यांच्या गोदामामागं पत्र्याच्या दोन खोल्या, आणि पोरं सगळी शाळा सोडलेली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार. बिरूला चांगल्या झुपकेदार मिशा हायेत, इतकी वर्षं मेंढरांमागं फिरला, गणितात मला घाम फोडतो. शालूचं नववीतच लग्न लावलं. सासू गोपिकाबाईनं एकाच परीक्षेची मुभा दिलीय. पास झाली तर नर्सिंग, नापास झाली तर शाळेचं नाव काढायचं न्हाई. पोरगी जीव तोडून अभ्यास करून राह्यली. हिला पास न्हाई केलं तर तृप्ती नाव लावणार न्हाई मी.

शाळा चालवणाऱ्या रामेश्वर सरांनी एकच नियम सांगितला. शाळा का सोडली, हे कुणालाच विचारायचं न्हाई. विचारलं की पोरं लाजून पळतात. पटलं बिलकुल.

२ डिसेंबर
गावोगाव फिरून पोरं बोलावणं हे आमचं अर्धं काम. आज कुंभार पिंपळगावला शालूच्या सासरी गेल्ते. गोपिकाबाईनं चहा पाजला, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यागत. निघताना त्यांच्याच शेतात विहिरीपाशी एक पोरगी उभी दिसली, विटका निळा युनिफॉर्म घातलेली. नाव मीना. म्हणलं, शाळेत येत जा. तिनं एवढंच विचारलं, परत घरी तर पाठवणार न्हाई ना. म्हणलं, कुणाची टाप हाय.

५ डिसेंबर
मीना आली. शालूजवळ बसली, तिच्याच पुस्तकात बघून शिकते, आणि काय डोकं हाय पोरीचं. पण बिरू बाक सोडून दारात जाऊन बसला. वर सांगतो, हवा लागते. चांगलं झापलं त्याला.

१९ डिसेंबर
मीनानं परीक्षेची तारीख विचारली. सांगितलं, फॉर्मची मुदत गेली, आता पुढच्या साली बस. घंटा होईपर्यंत शालूकडं बघत राह्यली.
शालू उन्हात बसूनही कुडकुडते. डॉक्टर म्हणले, अशक्तपणा हाय.

८ जानेवारी
शालूला हाक मारली की मीना ओ देते. मीनाला मारली की शालू मान वर करते. शालूच्या वहीत मीनाचं अक्षर. कॉपी समजून मी शालूलाच रागावले. माझं काहीतरी चुकून राह्यलंय.

२२ जानेवारी
मीना त्यांच्याच शेतावरची समजून गोपिकाबाईकडं तक्रार घेऊन गेले. मीनाचं नाव काढलं आणि त्यांच्या हातातलं सूप गळालं. मीना त्यांच्या पोराची पहिली बायको. शाळा सोडवून आणलेली. परत शाळेत जाते म्हणून हटून बसली, यांनी कोंडून ठेवली, आणि एक दिवस तोच युनिफॉर्म घालून विहिरीत —
गोपिकाबाईनं विचारलं, तिला वर कुणी बोलावलं. तशीच उठून निघाले.

२३ जानेवारी
सर डोकं धरून बसले. बिरू त्याच गावचा. मीनाच्या मातीला गेल्ता. म्हणतो, मला वाटलं मॅडमला माहीत असंल, इथं कुणी विचारत न्हाई ना.

३ फेब्रुवारी
मीनाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. म्हणली, घरी पाठवणार न्हाई म्हणल्या होत्या तुमी.
हसली. शालूपण हसली. बराबर संगंच.

६ फेब्रुवारी
मीना आली न्हाई. शालू एकटी, ताजीतवानी, फटाफट उत्तरं देते. सुटले.

२० फेब्रुवारी
शालू पेपर देऊन बाहेर आली. सोपा गेला म्हणली. मंग हळूच — मला कुणी घरी पाठवलं न्हाई, मॅडम —
पळत सुटले. रिक्षा. शेत. विहीर.

शालू आत हाय. खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, अंगात मीनाचा विटका निळा युनिफॉर्म. लिहून राह्यले, पेन थांबला की तिच्याकडं बघावं लागतं —
विचारते, पेपर सुरू झाला का. उशीर तर न्हाई झाला ना.
खोटं बोलले. वेळ हाय म्हणलं, चल जल्दी.
म्हणते, माझ्यानं येववत न्हाई. तुमीच या न्यायला.

पोरं आणायला जाणं माझंच काम —
दुसरी पायरी. पाणी लई गार. हात पुढं केला तिनं, हा हात शालूचाच, नाहीतर