गेंड्याच्या अडवणुकीबाबत खुलासा

कर्वेनगर, पुणे
फेब्रुवारीचा तिसरा शनिवार

श्री. बाबुराव यांना यज्ञेश्वरचा सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रकृतीची चौकशी करण्याची रीत आहे म्हणून करतो. एरवी गेल्याच रविवारी आपण त्या सभागृहाचे तीन जिने माझ्याआधी चढून वर कठड्याला टेकून उभे होतात, तेव्हा चौकशी करायचीच तर माझी व्हायला हवी. विहीणबाईंचा डावा गुडघा कसा आहे? माझा उजवा दुखतो. दोघांचे चांगले गुडघे एकत्र केले तर पर्वती चढणारा एक माणूस तयार होईल, असं आमची मंदाकिनी म्हणते. (तिला स्वतःला काही होत नाही, म्हणून सुचतं.) आपण पाठवलेल्या हुरड्याचा फडशा पडला. पिशवी धुऊन ठेवली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

आता मुद्दा. रविवारी अंतिम सामन्यातले चाळीस सेकंद उरले होते आणि आपली अपूर्वा अकरा गुणांनी पुढे होती, तेव्हा आपण “जिंकली पोरगी, चहा सांगून येतो” म्हणून खाली गेलात. चहा घेऊन वर आलात तेव्हा करंडक दुसरीकडे गेला होता. आपण विचारलंत, मी “घरी सांगतो” म्हणालो, घरी अपूर्वाने खोलीचं दार लावून घेतलं आणि आपली लोणी काळभोरची बस निघायची वेळ झाली. तेव्हा हा लेखी खुलासा. परिस्थिती अशी आहे की आपली नात आज सहा दिवस गप्प आहे. त्यांच्यातल्या पियुष नावाच्या मुलाने, ज्या कोणामुळे करंडक गेला त्याच्याशी दहावीचा निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही, अशी सगळ्या संघाकडून शपथ घेतली आहे. मुलं अजून नववीत आहेत. म्हणजे सव्वा वर्ष झालं.

हे सगळं सुरू झालं ते यंत्रापासून. अपूर्वाच्या शाळेतल्या सहा मुलांनी मिळून ते केलं. दीड फूट लांब, चार चाकं, चेंडू उचलायला पुढे एक सोंड, आणि नाव ठेवलं गेंडा. (गेंड्याला सोंड नसते, हे मी निदर्शनास आणून दिलं. “आबा, चिल” असं उत्तर मिळालं.) बारा फूट बाय बारा फुटांचा आखाडा, खाली फोमच्या फरश्या, दोन संघ, दोन मिनिटं, चेंडू उचलून आपापल्या टोपलीत टाकायचे, एवढाच खेळ. एवढ्याशा खेळाला एकशे बारा पानांची नियमावली कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला पडला नाही. तेहतीस वर्षं सहकार खात्यात गृहनिर्माण संस्थांचे उपविधी वाचण्यात गेली, निवृत्तीनंतर अकरा वर्षं याच सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यामुळे मुलांनी ती नियमावली आंतरजालावरून उतरवून, न वाचता, टीपॉयवर टाकलेली पाहून माझा जीव कळवळला. मी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणली आणि चार दिवसांत तीनदा वाचली. इतका चांगला मजकूर बऱ्याच वर्षांत हातात आला नव्हता.

नियम अठरा. समोरच्या यंत्राला सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त अडवून ठेवता येणार नाही. पाच झाले की दोन फरश्या मागे सरायचं. मुलांनी याचा अर्थ लावला की कोणाला अडवू नये. (मुलं सज्जन आहेत, आणि अपूर्वा तर आईवर, नम्रतावर गेली आहे, म्हणजे ओघाने तुमच्यावर.) मी त्यांना समोर बसवून सांगितलं की बाळांनो, हा नियम अडवू नका असं म्हणतच नाही, हा तुम्हाला पाच सेकंद अडवण्याचा हक्क देतो. चार सेकंद अडवा, दोन फरश्या मागे या, पुन्हा जाऊन चार सेकंद अडवा. सबंध दोन मिनिटं हेच केलं तरी ब्रह्मदेवही तुम्हाला काही करू शकत नाही. मुलांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो पाहायला आपण हवे होतात. खात्यात इतकी वर्षं काढली, पण माझं बोलणं कोणी टिपून घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव सुरू झाला. शत्रुपक्ष म्हणून मंदाकिनीची भाजीची चाकांची पिशवी घेतली, तिला सुतळी बांधली आणि सुतळी ओढायला मी. गेंडा येऊन अडवायचा, आपला वॉचमन गेनबा मोजायचा. पहिल्याच दिवशी गेनबाचे पाच आणि माझे नऊ एकाच वेळी झाले. (त्याचं म्हणणं, मोजायचंच आहे तर घाई कशाला.) दुसऱ्या दिवशी गेंड्याने पिशवीसकट मला दोन स्कूटरींच्या मध्ये कोंडलं आणि बरोबर चौथ्या सेकंदाला सोडलं. गुडघा तिथेच गेला, पण काम नियमात होतं. तिसऱ्या दिवशी मंदाकिनी पिशवी शोधत खाली आली. त्याविषयी या पत्रात लिहीत नाही.

दरम्यान मला नियमात काही उणिवा दिसल्या. आयोजकांनी शंका विचारण्यासाठी संगणकावर एक जागा ठेवली आहे, तिथे मी चौदा शंका पाठवल्या. दोन्ही यंत्रं एकमेकांना ढकलत असतील तर कोणी कोणाला अडवलं असं समजावं? उत्तर आलं, परिस्थितीनुसार. (हे उत्तर मी स्वतः नोकरीत हजारदा दिलं आहे, त्यामुळे त्यातला पोकळपणा मला लगेच कळला. आमच्याच पार्किंगच्या उतारावर समोरासमोर आलेल्या दोन स्कूटरवाल्यांनी चाळीस मिनिटं एकमेकांना अडवलं होतं, तेव्हा परिस्थिती काय होती ते कोणालाच सांगता आलं नाही.) बंद पडलेल्या यंत्रापुढे उभं राहणं म्हणजे अडवणं होतं का? उत्तर, नाही. मग ते यंत्र बंद पडलं आहे की विचार करतं आहे, हे पुढे उभ्या राहणाऱ्याला कसं कळावं? उत्तर नाही. नवव्या शंकेनंतर त्यांनीच मला उलट विचारलं की, प्रश्नकर्ते विद्यार्थी आहेत का? मी कळवलं, आजन्म. त्यानंतरच्या पाच शंका प्रलंबित आहेत.

स्पर्धेत काय झालं ते आपण अर्ध्यापर्यंत पाहिलंच. चार, दोन फरश्या, चार, दोन फरश्या. उपान्त्य फेरीपर्यंत सबंध सभागृह आपल्या गेंड्यावर खार खाऊन होतं. मागच्या रांगेतले एक पालक मला म्हणाले की हा खेळ आहे का नाकाबंदी, तेव्हा मी त्यांना पान एक्केचाळीस काढून दाखवलं आणि आपण “नियमात हाय ना? मग झालं” असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारलीत. खरं सांगतो बाबुराव, अवधूत आणि नम्रताच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आपण दोघं खरे व्याही त्या थापेने झालो. अजून पाठ दुखते.

आणि मग आपण चहाला गेलात. समोर राधा नावाची दोन वेण्यांची मुलगी होती, सांगली-मिरजेकडच्या कुठल्याशा गावची, आणि तिचं चिमणी नावाचं लहानसं यंत्र. सव्वीस सेकंद उरले असताना गेंड्याने चिमणीला कोपऱ्यात गाठलं. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच हात हलवून मोजू लागला. एक, दोन, तीन, आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाचा एक चेंडू उसळून प्रमुख पाहुण्यांच्या शालीत जाऊन बसला. पंच तिकडे वळला. त्याच्या हिशेबात ते तीन सेकंद अजून चालू आहेत. भिंतीवरचं घड्याळ मात्र पाहुण्यांकडे बघत बसलं नाही. गेंडा मागे सरला तेव्हा तिथे एकोणीस होते. सुटल्यावर त्या चिमणीने काय सपाटा लावला म्हणता! दोन चेंडू टोपलीत, तिसरा टोपलीच्या काठावर, आणि शिट्टी झाली. आपण तीन गुणांनी जिंकलो. तो तिसरा पडला असता तर हरलो असतो.

आपली मुलं एकमेकांच्या अंगावर चढून नाचत होती. राधा पंचापाशी जाऊन सांगत होती की पाचपेक्षा जास्त झाले. पंचाने अपूर्वाला विचारलं, कारण गेंडा तीच चालवत होती. ती म्हणाली, मी मोजले नाहीत. विषय तिथे संपत होता. पण तेवढ्यात प्रेक्षकांतून एक निनावी चिठ्ठी राधाच्या हातात पडली. तिच्यात नियमाचा क्रमांक होता, सव्वीस ते एकोणीस ही वेळ होती आणि दुसऱ्या टोकाच्या पंचांनाही विचारावं अशी नम्र सूचना होती. दुसरा पंच म्हणाला की त्यालाही सहा-सात वाटले होते, पण तो कोपरा त्याचा नव्हता. पाच गुण कापले. आपण दोनने हरलो.

ही चिठ्ठी लिहिणारा कोण असेल, यावर मी सहा दिवस विचार करतो आहे. त्याच्याविषयी मला आदरच वाटतो. पाच सेकंदांचा हक्क मागणाऱ्याने सहाव्या सेकंदाला गप्प बसलं, तर मग तो हक्क नव्हताच, ती नुसती चलाखी होती, असं त्याला वाटलं असावं. मुलांना आपण काय शिकवलं, हेही कदाचित त्याच्या मनात आलं असेल. पण त्याला हे कळायला हवं होतं की एका घरात त्यामुळे फार शांतता होईल. संध्याकाळी माझं वाचन ऐकणारं या घरात एकच माणूस आहे, आणि ते आता पुस्तकात डोकं घालून बसतं. मला ते सोसत नाही हो. काल मी सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त भिंतीला वाचून दाखवलं.

असो, पत्र लांबलं. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पुढील मजकूर वाचूनही राहावा.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. – तो मनुष्य मीच. आपल्या लक्षात आलं असेलच. मोठ्यांनी पंचांशी बोलायचं नाही, असा नियम एकतीस आहे. प्रतिस्पर्धी मुलीशी बोलू नये, असं एकशे बारा पानांत कुठेही नाही.

ता. क. २ – सहा दिवसांत अपूर्वा एकदाच बोलली. मंगळवारी तिने मला सरळ विचारलं, “आबा, चिठ्ठी कोणी दिली ते तुम्ही पाहिलंत का?” माझ्या तोंडून “आप्पा” असं निघून गेलं. म्हणजे तुम्ही. आपण चहाला गेला होतात, हे तिला ठाऊक आहे, म्हणून चहा हे निमित्त होतं असंही मला पुढे सांगावं लागलं. माझा विचार असा की आपल्याला आणखी चार नातवंडं आहेत, मला ही एकच, आणि तिचा अबोला लोणी काळभोरपर्यंत जाईस्तोवर बराच सौम्य होईल. तेव्हा तिचा फोन आल्यास आपण थोडा पश्चात्ताप दाखवून कबूल व्हावं, ही नम्र विनंती. या पत्राचं खरं कारण एवढंच. पश्चात्ताप बेताचा असावा.

ता. क. ३ – घरातला डिंक संपला आहे. पाकीट तसंच अपूर्वाकडे देतो, ती क्लासला जाताना पोस्टात चिकटवून टाकेल. काळजी नसावी. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हे वळण मीच लावलं आहे.

आप्पा, मी अपूर्वा. आबांचा नियम आहे की दुसऱ्याचं बंद पाकीट उघडायचं नाही. हे बंद नव्हतं. तुमच्यावर मला एक टक्कासुद्धा डाउट नव्हता, त्यामुळे फोनवर प्लीज सॉरी वगैरे म्हणू नका. निनावी चिठ्ठीच्या कोपऱ्यात “जावक क्र. १/२०२६” लिहिणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे. राधाने ती आम्हाला दाखवली, टीममध्ये कोणालाच कळलं नाही, मला लगेच कळलं. मंगळवारी विचारलं ते फक्त आबा स्वतः सांगतायत का ते बघायला. आणि मी काही रागावून गप्प नाहीये. रेफरीने विचारलं तेव्हा मी मोजले नाहीत म्हणाले ना, मी मोजले होते. सात. आबा वरून बघत असणार हे माहीत होतं, तरी खोटं बोलले. आता त्यांच्यासमोर बसलं की तेच आठवतं आणि तोंडच उघडत नाही. सांगणार आहे मी त्यांना, नक्की. फक्त चार दिवस ते रोज सकाळी मंडईत जाऊन अंजीर आणतायत आणि आजीने मागवले म्हणून माझ्या टेबलावर ठेवतायत. आजीला अंजीर चालत नाहीत. त्यामुळे परवा सांगते. उद्याचे येऊ देत.