समोरचा जिना

४ ऑक्टोबर १९५४
आज पुन्हा तेच! कासारीण मागच्या जिन्याने आणेल त्याच बांगड्या भरायच्या का? म्हटलं, यंदा दिवाळीला मीच समोरच्या जिन्याने उतरते, दुकानात बघून भरते. सासूबाई कडाडल्या, "आपल्या घरच्या बाया मेनरोडवरून जात नाई! मागचा जिना काऊन बांधला मंग?" आणि हे! खाली एवढं कापडाचं दुकान चालवतात, पण आईपुढे दातखीळ!

सहा वर्षं झाली लग्नाला. वर्ध्याची पेठ पाहिली ती वरच्या खिडकीतून. माणसं म्हणजे नुसत्या टोप्या — त्याही सगळ्या पांढऱ्या. कोण कोणाचा, कळतंय कपाळ!

१० ऑक्टोबर
चिडले होते, पण सासूबाई रस्त्याच्या गोष्टी काढतात तेव्हा राग टिकत नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा चारच दुकानं, बाकी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या. बैल आमच्या ओट्यावरची धोतरं चघळायचे! मग कंदिलाचे खांब आले, टांगे आले, वीज आली. आता हाटेलात रेडिओ. "सारं माह्या डोयाम्होरं झालं," असा तोरा!

सहज विचारलं — आपल्या दुकानाची पाटी तेव्हा कशी होती?

खिडकीतून खाली वाकल्या. मग म्हणाल्या, "पाटी खिडकीच्या खाली हाय न वं. मले कशी दिसन?"

फार वाईट वाटलं मला.

११ ऑक्टोबर
सासूबाई दिवसभर खिडकीशी फिरकल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर
सकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून समोरच्या जिन्यात उभ्या! "चाल न वं, पाटी पाहून येऊ."

आम्हाला उतरताना पाहून हे दुकानातल्या गादीवरून उठलेच. आम्ही दोघी थेट चौकापर्यंत गेलो. मनासारख्या हिरव्या बांगड्या भरल्या! परतताना सासूबाई ठसक्यात पुढे, आणि चढल्या शेजारच्या पुंडलिकरावांच्या दुकानात! तेही कापडाचंच. आपलंच समजून गादीवर बसल्या आणि यांच्या नावाने हुकूम, "प्रभाकर कुठी गेला? पानी आना!" पुंडलिकरावांनी हात जोडले, "अनुसयाबाई, तुमचं दुकान बाजूले हाय!" सगळा रस्ता हसला. सासूबाईही हसल्या.

आमच्या पाटीखाली आल्या तेव्हा मात्र रडल्या. पिवळी अक्षरं आहेत, मोठी. मी हात धरून उभी राहिले.

१७ ऑक्टोबर
सासूबाईंनी मागच्या जिन्यावर गोवऱ्या रचायला लावल्या. वरपासून खालपर्यंत!

"आता तिकून कोन जाते?"