मागावरचा खडू

धनत्रयोदशी, संध्याकाळ. बमरोली.

उद्यापासून कारखाना दिवाळीसाठी बंद. वर्ष चांगलं गेलं, न लाजता लिहितो. कापडाचा एकही ताका परत आला नाही. सगळे माझं अभिनंदन करतायत. माझं कसलं? खडूचं करा.

गेल्या दिवाळीपर्यंत मागांच्या बिघाडावरून दिवसपाळी आणि रातपाळी एकमेकांच्या नावाने बोटं मोडायच्या. सुताच्या कांड्या भरणाऱ्या सुमनताईंनी उपाय काढला: पाळी सुटताना ज्या मागात बिघाड असेल, त्याच्यावर खडूने लिहून जायचं. मी खेकसलो होतो, "यंत्र म्हणजे काय शाळेचा फळा आहे?"

"शेठ, खडू भांडत नाही," त्या म्हणाल्या.

आणि आज मीच गाढवपणा केला. दोन्ही पाळ्या यंत्रपूजेला जमत होत्या, तेवढ्यात हौसेने सगळे माग ओल्या फडक्याने पुसून काढले. लिहिलेलं सगळं गेलं! सुमनताईंनी कपाळाला हात लावला. मग दिवसपाळीचा भिका म्हणाला, "सात नंबरचा ताणा डावीकडे तुटतो." रातपाळीचा युनूस लगेच, "अन् बारा नंबर गरम होतो." दोन्ही पाळ्यांना सगळं तोंडपाठ! पूजा झाल्यावर पंधरा मिनिटांत मागांवरच्या कुंकवाच्या बोटांशेजारी पुन्हा खडूची अक्षरं. हेच दोघे वर्षापूर्वी एकमेकांकडे बघत तरी होते का?

निघताना माझ्या केबिनच्या दारावर खडूने लिहिलेलं दिसलं: "शेठ. ऐकतात, पण उशिरा. बाकी ठीक चालतात." खाली दोन्ही पाळ्यांच्या सह्या.

फडकं हातातच होतं. दार तेवढं पुसलं नाही.