समोरचे दुकान चालू राहावे म्हणून

लिहून ठेवतो मी, मन्मथअप्पा वीरभद्रअप्पा, धंदा किराणा, वय साठीच्या पुढे, राहणार ताडकळस, जिल्हा परभणी, की माझी अक्कल ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसते, हाताला कंप नाही, आणि मला कोणी दम देऊन किंवा गोड बोलून हे लिहायला बसवलेले नाही. छातीत कळ येते एवढे खरे. परभणीचे हकीम म्हणतात वात आहे, गावातले वैद्य म्हणतात पित्त आहे. मी दोघांचेही औषध घेतो. एकच असता तर तो म्हणेल ते मुकाट ऐकावे लागले असते.

हा कागद मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझा पुतण्या चन्नप्पा उर्दू शिकला आहे. कचेरीत चालेल असा वसियतनामा मीच उर्दूत लिहून देतो, तुम्ही नुसती सही करा, असे तो वरचेवर म्हणायला लागला. एकदाच म्हणाला असता तर मी विचार केला असता. कचेरीला तर्जुमा लागलाच तर तो कचेरीने आपल्या खर्चाने करून घ्यावा.

माझे घर, दुकान आणि शेत हे सर्व माझ्या कष्टाचे आहे. भावाची वाटणी तो हयात असतानाच झाली, त्यामुळे यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. कोणी उभा राहिलाच तर त्याला आधी विचारावे, की अप्पांच्या दुकानात तुम्ही कधी पोते उचलले होते?

कलम पहिले, देहाबद्दल. आमच्यात मयताला बसवून पुरतात, तसे करावे. जन्मभर गादीवर बसलो, तेव्हा मला त्याचे काही वाटणार नाही. तोंड कोणत्या दिशेला करायचे ते जंगमस्वामी सांगतील. मात्र माझे गळ्यातले लिंग माझ्याबरोबरच आहे ना, हे माती लोटण्याआधी कोणीतरी डोळ्यांनी पाहावे. चांदीची डबी आहे आणि माणसे जमलेली असतात.

कलम दुसरे, घराबद्दल. घर, परसातली विहीर आणि गाय माझी मुलगी चन्नबसम्मा हिला. सासरच्यांनी तिला माघारी धाडली तेव्हा गावाने हळहळ केली. मी केली नाही. ती माझ्या दुकानात बसली आणि महिन्याभरात तेलाच्या व्यापाऱ्याला घाम फोडला. असली पोरगी त्यांनी घालवली, त्यांचे नशीब.

कलम तिसरे. ओढ्याकाठचे शेत चन्नप्पाला. तो म्हणेल काकांनी मला दुकान का दिले नाही. कारण शेत राबल्याशिवाय पिकत नाही आणि तिथे कचेरीतल्या पेशकाराची ओळख चालत नाही. त्याने हौसेने रंगवून आणलेली "सरकारमान्य एकमेव दुकान" ही पाटीही त्यालाच द्यावी. पक्षी हाकायला शेतात लावता येईल.

आता दुकानाचे. हे कलम लांब होणार आहे आणि हा कागद मी याच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, व्यंकटरावांचे दुकान होते. ते वारले तेव्हा ती जागा आपण घ्यावी असे माझ्या मनात होते. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बायको कस्तुराबाई स्वतः गादीवर येऊन बसली. डोक्यावर पदर आणि हातात तागडी. पहिल्याच बाजारात तिने गुळाचा भाव माझ्यापेक्षा खाली उतरवला. त्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास नाही आणि तिचा माझ्यावर नाही. आमचे हे असेच चालत आले आहे.

माझ्याकडे धुरपताबाई धान्य निवडायला येते. तिला मी बाजाराच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी समोर पाठवायचो, पावशेर गूळ आणायला. तो माझ्या तागडीत पुन्हा तोलायचा, चाखून पाहायचा, भाव विचारायचा आणि मगच आपला भाव सांगायचा. बाईने वजनात मारले किंवा गुळात खडा निघाला तर गावभर करायचे, असा माझा बेत होता. इतक्या वर्षांत संधी मिळाली नाही. आणि कस्तुराबाईही माझा भाव पाहूनच बसते हे ठाऊक असल्याने मलाही कधी मापात हात आखडता आला नाही.

गेल्या पोळ्याला मला एक गोष्ट कळली. धुरपताबाई माझ्याकडूनही दर बाजारी पहिल्याप्रथम पावशेर गूळ न्यायची. मी समजायचो, दुकानाशी इमान आहे बाईचे. तो गूळ ती पलीकडे कस्तुराबाईला नेऊन द्यायची आणि तिथे तो तोलला जायचा! म्हणजे दर बाजारी माझी भवानी कस्तुराबाई करीत होती आणि तिची मी. एकट्या बाईला एवढा गूळ लागतो कशाला, हा संशय मला आयुष्यात आला नाही, याचे मला फार वाईट वाटते. विचारले तर धुरपताबाई म्हणाली, "तुमी दोघं एकमेकाला लय भेता. म्या कुणाला सांगू?" तिला एक इरकली लुगडे आणि ती जगेल तोवर दुकानातून गूळ द्यावा. कोणाकडे नेते ते विचारू नये.

हे असे वर्षानुवर्षे नीट चालले होते. मग लढाई आली आणि तिच्या मागून परवाना आला. घासलेट, साखर, कापड हे ज्याच्याकडे कागद असेल त्यानेच विकायचे. लढाईपुरते आहे म्हणाले. लढाई संपली, परवाना बसूनच आहे. चन्नप्पाने मला न सांगता कचेरीत ओळख लावली आणि गावासाठीचा एकच परवाना माझ्या नावाने आणला. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आता समोरचं दुकान बसलंच म्हणा."

मी पेढा खाल्ला, खोटे कशाला लिहू. पण त्याच आठवड्यात लिंबाजी घासलेट न्यायला आला. हा लिंबाजी माझे जुने गिऱ्हाईक. आल्याबरोबर मालाला नावे ठेवायचा, माझ्या बापाचा उद्धार करायचा, दोनदा उठून समोर जातो म्हणायचा आणि मग घ्यायचा. त्या दिवशी त्याने वहाणा खाली काढल्या, ओट्याला हात लावला आणि म्हणाला, "मालक, जमलं तर द्या." चन्नप्पा गादीवर होता. त्याने लिंबाजीला बसवून ठेवले, काही कारण नसताना, आणि पानाला चुना लावत राहिला. लिंबाजी उठून गेला नाही. समोर जायला समोर घासलेट उरले नव्हते.

मला फार भीती वाटली. चन्नप्पा वाईट पोरगा नाही. त्याला वाईट व्हायला कोणी मज्जाव करणारे उरले नव्हते, एवढेच. आणि उद्या मीही तसाच पानाला चुना लावत बसणार नाही, अशी माझी खात्री नाही. मी कोणावरच विश्वास ठेवत नाही, मग स्वतःलाच सूट का द्यावी?

लोक म्हणतात सरकारने भला माणूस पाहून परवाना द्यावा. भला माणूस कोण ते पेशकार ठरवणार, आणि पेशकार भला आहे की नाही ते कोण ठरवणार? सरकारने चोर धरावा, रस्ता नीट ठेवावा, खोटे माप वापरणाऱ्याला शिक्षा करावी. साखर कोणी विकावी हे लिंबाजीला ठरवू द्यावे. दोन दुकानांमधल्या रस्त्यावर उभा राहून तो जेवढा न्याय करतो, तेवढा मी कोणत्या कचेरीत पाहिला नाही.

मी बैलगाडी जुंपून परभणीला गेलो आणि परवाना परत घ्या म्हणालो. पेशकाराने तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "अप्पा, परवाना द्यायचा दस्तूर हाय. परत घ्यायचा न्हाई." परत करायची इजाजत हवी असेल तर अर्ज करा म्हणाला. अर्ज केला आहे. जबाब अजून नाही.

मधल्या काळात परवान्यावर आलेला माल किती आला, त्यातला किती या ओट्यावरून विकला आणि उरलेला कोणाच्या डोक्यावरून कुठे गेला, हे मी इथे लिहिणार नाही. हा कागद कचेरीत जायचा आहे. समोरचे दुकान आजही उघडे आहे आणि कस्तुराबाईची तक्रार आहे की घासलेटाचे डबे काठोकाठ भरलेले नसतात, एवढे पुरे.

वकिलाला विचारून घेतले आहे. परवाना माणसाबरोबर मरतो. पण नव्या परवान्याला दुकानाची जागा दाखवावी लागते, आणि चन्नप्पाला माझी जागा मिळाली की तो महिन्यात दुसरा आणेल. मग पलीकडच्या दुकानाला फळी कायमची लागेल. म्हणून दुकान, ओटा, तागडी, वजने आणि गल्ला चन्नबसम्माला, पुढील अटींवर.

एक, तिने कोणताही एकट्याचा परवाना, मक्ता किंवा ठेका घेऊ नये, फुकट मिळाला तरी. दोन, कस्तुराबाईचे दुकान विकत घेऊ नये, आणि आपले तिला विकू नये. ती मागेल. बाई हुशार आहे. तीन, दर बाजारी सकाळी भाव लावण्याआधी समोरून पावशेर गूळ आणावा आणि तोलून पाहावा. मैत्री म्हणून आणू नये, संशय म्हणून आणावा. मैत्री झाली की दोघी मिळून भाव ठरवतील आणि लिंबाजी पुन्हा वहाणा काढील.

अट मोडली तर दुकान लिलावाने विकावे आणि कस्तुराबाई सोडून जो जास्त देईल त्याला द्यावे.

साक्षीसाठी मी कस्तुराबाईलाच बोलावले. ज्याला कागदातून काही मिळते त्याची साक्ष लंगडी, असे वकील म्हणाले. गावात जिला काही द्यायचे नाही असे मी ठरवून ठेवले आहे, अशी ही एकच आहे. तिने आपल्या ओट्यावरून, पदर न ढळू देता, सांगितले, "अप्पा, मला काई देऊ नका. दिलंत तर मी सही करणार न्हाई. अन् आधी सगळा कागद वाचीन." वाचू दे. मी तिच्या जागी असतो तर दोनदा वाचला असता. दुसरा साक्षीदार भुजंग शिंपी. त्याने मला जन्मभर आखूड बंडी शिवली, म्हणून त्यालाही काही ठेवलेले नाही.

हे संपवले होते, पण आज बाजार आहे आणि सकाळी धुरपताबाई नेहमीप्रमाणे गूळ घेऊन आली, म्हणून एवढे जोडतो. तोलला. पावशेरापेक्षा जास्त भरला. वजने बदलून पाहिली, तरी जास्तच. कस्तुराबाईचा हात आजवर कधी एवढासाही इकडेतिकडे झाला नाही, आणि माझ्या छातीची कळ तिला धुरपताबाईने सांगितलेली असणार. मग हे जास्तीचे कशाबद्दल? मला त्याचा संशय आहे. तो मी कोणाच्या नावे करीत नाही, माझ्याबरोबर नेतो.

मुक्काम ताडकळस, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८६८, फसली १३५६.

सही, मन्मथअप्पा वीरभद्रअप्पा, स्वहस्ते लिहिले.

साक्षीदार, भुजंग शिंपी. बंडी अंगाच्या मापाचीच होती.

साक्षीदार, कस्तुराबाई व्यंकटराव. सगळे वाचून सही केली. गूळ पावशेरच दिला होता. अप्पांची तागडी तपासून घ्यावी.