धनराजरावांचा रिपोर्ट

प्रिय मैना,

वर्षश्राद्धाहून परतून अकरा दिवस झाले. सायलीचं कॉलेज सुरू झालंय, तुझे दाजी अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. घर चाललंय, माझंच चित्त थाऱ्यावर नाही.

अडीच वर्षांपूर्वी धनराजरावांच्या पोटात कळ आली आणि तू त्यांना देवळ्याहून इथे नाशिकला आणलंस. अपेंडिक्स सुजलंय म्हणाले, त्याच दिवशी काढलं. चौथ्या दिवशी ते आमच्या गॅलरीत बसून शेजाऱ्यांच्या स्कूटरचा प्लग घासत होते आणि तू रागावत होतीस. काढलेला भाग तपासायला पाठवलाय, आठवड्यानं रिपोर्ट आणून दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धनराजराव हसले, "दुखणंच कापून टाकलं, आता त्याचा कागद कशाला?" त्यांना गॅरेज उघडायची घाई. टाके देवळ्यातच काढायचे ठरले. निघताना तू म्हणालीस, "ताई, तेवढा रिपोर्ट आणून डॉक्टरांना दाखवशील ना?" मी हो म्हणाले.

मी तो आणला होता, मैना. त्या दिवशी डॉक्टरांकडे खूप गर्दी होती, घरी सायलीची दहावीची परीक्षा. उद्या दाखवू म्हणून पाकीट न उघडताच कपाटात साड्यांखाली ठेवलं. तुझा फोन आला तेव्हा लाज वाटली, म्हणून अजून आला नाही असं सांगितलं. मग तूही विचारलं नाहीस आणि मीही विसरले. ते तर ठणठणीत दिसत होते.

दहा महिन्यांनी त्यांचं पोट फुगायला लागलं. नव्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. माझ्यासमोर तू म्हणालीस, आम्ही आणलाच नाही. त्यांनी हॉस्पिटलातून नक्कल मागवली, तेव्हा कळलं की अपेंडिक्सच्या टोकाला कॅन्सरची गाठ होती. वेळेत पुढचं ऑपरेशन झालं असतं तर कदाचित, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. त्या संध्याकाळी मी घरी येऊन पाकीट फोडलं. तेच शब्द, आणि खाली लिहिलेलं, सर्जनना त्वरित भेटा. कितीदा तुला सांगायला तोंड उघडलं. मग धनराजराव गेले आणि सांगायचं राहूनच गेलं.

श्राद्धाच्या दिवशी पंगत बसली असताना तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "एक कागद आणाया हिला येळ नव्हता. माझा लेक गेला." तू मान खाली घालून म्हणालीस, "खरं हे, आई. मीच गेले नाय." मी तुझ्या शेजारी भाताचं पातेलं घेऊन उभी होते. मी पुढच्या पानावर भात वाढला.

ते तुझ्यामुळे गेले नाहीत. हे तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळावं, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी येतेय. तुझ्या सासूबाईंना आणि त्या दिवशी ऐकणाऱ्या सगळ्यांना मीच सांगणार आहे. तू मला घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर उभी राहून सांगेन.

तुझीच,
प्रतिभाताई